लाल लोकरीची फांदी

३ ऑगस्ट १९९६, शनिवार

लोणंदच्या स्टेशनवर आम्ही दोघं एकदा तीन तास बसून होतो. सन एकसष्ट. ह्यांची रजा संपली होती, गाडीचा पत्ता नव्हता, आणि माझ्याकडे फडक्यात चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी होती. पाण्याच्या नळामागे एक लिंबोणी होती. तिच्या सावलीत आम्ही दोन भाकऱ्या संपवल्या. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण एकमेकांच्या सहवासाचे दिवस मोजले तर पाच महिनेही भरले नसते. त्यामुळे बोलायचं काय ते दोघांनाही सुचत नव्हतं. ह्यांनी एक पान तोडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

पानावर चांदीची बारीक वाट होती. वळसे घेत, मागे फिरत, पुन्हा पुढे जात ती कडेपर्यंत गेली होती आणि तिथे पानाची कड जराशी दुमडलेली होती.

"बघ, कोन तरी गडी फिरलाय हितनं," हे म्हणाले. "आत बसला असंल. भाईर आला की कळीव मला."

मग गाडी आली.

मी पान प्रार्थनेच्या पुस्तकात जपून ठेवलं. काहीच बाहेर आलं नाही. ह्यांची दोन पत्रं आली, दोन्हींत शेवटी तोच प्रश्न, 'तो गडी बाहेर आला का?' तिसऱ्यांदा विचारल्यावर मी लिहिलं, 'आला. सोनेरी होता. खिडकीतून उडून गेला.' नवऱ्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. माझे वडील पाचगणीच्या कॉन्व्हेंटला भाजी पुरवायचे, म्हणून सिस्टरांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. खोट्याबद्दल त्यांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं मला त्या दिवशी आठवलं. तरी पत्र पेटीत टाकलं.

आज हे आठवायचं कारण मिरजेचे डॉक्टर. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, २ सप्टेंबर. डावा डोळा तीन वर्षांपूर्वी पुण्यात अशाच ऑपरेशनमध्ये गेला. आता त्याला फक्त दिवस आणि रात्र कळते. उजव्याचं गणित उलटं आहे. नाकाजवळ धरलेली मोहरी मोजता येते, दहा पावलांपलीकडे सगळं ताकात बुडवल्यासारखं.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "जपा." सुभेदारांनी त्याचे सात हुकूम केले. वाचायचं नाही, शिवायचं नाही, तांदूळ निवडायचे नाहीत, वगैरे. (हे निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण मी त्यांना मनात सुभेदारच म्हणते. तोंडावर 'अहो'.) माझं भिंग कपाटावर गेलं. डायरीचं नाव हुकुमात नव्हतं, कारण मी डायरी लिहिते हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून जाड स्केचपेन, एका पानावर आठ ओळी, आणि लिहून झालं की वही तांदळाच्या डब्यामागे.

फाटकापाशी आपली लिंबोणी आहे. गेल्या पंधरवड्याच्या पावसाने तिला नवी कोवळी पानं फुटली आहेत. दरवर्षी पानांवर वाटा उमटतात आणि दरवर्षी सुभेदार रविवारी पंप पाठीला लावून औषध मारतात. गडी अर्ध्या वाटेत मरतो.

महिना आहे माझ्याकडे. ह्या वेळी शेवटपर्यंत बघायचं. डोळा राहिला तर ठीक. नाही राहिला तर निदान ते खोटं तरी खरं करून जाईन.


६ ऑगस्ट, मंगळवार

शेजारी आम्रपाली भाड्याने राहते. कोरेगावची पोरगी, शेतकीची पदवीधर, सरकारी कृषी कार्यालयात आहे. तिला फाटकापाशी गाठलं.

"काकी, ही नागअळी," ती म्हणाली. "आमी शेतकऱ्यांना मारायला सांगतो, आन् तुमी पाळायला निघाला व्हय?"

"एकच पाळणार आहे."

"एक कशी वळखणार?" असं म्हणत तिनेच एक कोवळं पान उलटं केलं. "ही बघा. शिरंजवळ."

मला दवाचा थेंब वाटला. ते अंडं होतं. तिने सगळं सांगितलं. अंड्यातून अळी निघते ती थेट पानाच्या आतच शिरते. वरच्या पातळ पापुद्र्याखाली राहते, खाते, चालते, वाढते. तिला ना ऊन ना पाऊस. आभाळ कसं असतं तेही माहीत नाही. वाढ झाली की पानाच्या कडेला येते, कड स्वतःवर ओढून घेते आणि त्या घडीत झोपते.

"आणि बाहेर येतो तो केवढा असतो?"

"तांदळाच्या कणीएवढा. चांदीसारखा. पंखाच्या टोकाला काळा ठिपका."

"सोनेरी नसतो?"

"न्हाई वो काकी. चांदीच. सोनेरी तुमाला कुणी सांगितलं?"

मी विषय बदलला. सुभेदार व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांचं आमच्याकडे लक्ष नव्हतं, पण बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही. अग्रलेख मोठा असेल.

जाताना आम्रपाली म्हणाली, "कडेची घडी मात्र दाबायची न्हाई हां काकी. ती त्याची खोली. दाबली की संपला."

मला ते घरात येऊन बसल्यावर समजलं. मी लोणंदचं पान प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं होतं. वर शिवणाचं मशीन ठेवलं होतं, पान सरळ राहावं म्हणून. पस्तीस वर्षं म्हणत आले की जपलं. मी त्याला दाबून मारलं होतं.

संध्याकाळी जुन्या स्वेटरची लाल लोकर उसवली आणि त्या फांदीला बांधली. चुकायला नको.


८ ऑगस्ट, गुरुवार

भिंग सापडलं! कपाटावर नव्हे, मिठाच्या बरणीशेजारी, माझ्या हाताला येईल असं. सुभेदारांनी उचलून कुठे ठेवलं ते त्यांनाच आठवत नसणार. एकेकाळी हा माणूस दोनशे जवानांच्या बंदुकांचे नंबर तोंडपाठ सांगायचा.

भिंगाला कोणीतरी पुसलं होतंसुद्धा.


११ ऑगस्ट, रविवार

आज मोठी लढाई झाली.

अंडं परवाच फुटलं. पानावर केसाएवढी रेघ आली आहे. सकाळी साडेसातला सुभेदारांनी पंप काढला. मी त्यांना चहाच्या निमित्ताने आत बोलावलं, आणि ते बशीत चहा ओतताहेत तोवर बाहेर जाऊन फांदीवर दुधाची रिकामी पिशवी चढवून दोऱ्याने बांधली. परत आले तर ते बशी तशीच धरून बसलेले.

"कुटं गेलतीस?"

"तुळशीला पाणी घालायला."

"पावसात?"

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एक गोष्ट अजून उपयोगी पडते. खोटं पकडलं गेलं की ओठ मिटून पवित्र चेहरा करावा.

त्यांनी सगळं झाड भिजवलं. मी नाकाला पदर लावून उभी. एरवी त्या औषधाने माझं डोकं संध्याकाळपर्यंत भणभणतं, आज काही झालं नाही. वाससुद्धा आला नाही. दुपारी पिशवी काढली, गडी सुखरूप. गंमत म्हणजे बाजूच्या पानांवरचे सहा जणही जिवंत. औषध भेसळीचं दिसतंय. मोरीमागच्या फळीवर बाटली बघितली, तिचं तर सीलही फोडलेलं नाही. म्हणजे सुभेदारांनी कुठून तरी दुसरी, स्वस्तातली आणली असणार. बाजारात कोणी तरी त्यांना फसवलं. मी काही बोलणार नाही. बिचारे.


१४ ऑगस्ट, बुधवार

गडी वाढतोय. भिंगातून तो पिवळसर, चपटा, पाय नसलेला दिसतो. त्याच्या वाटेच्या मधोमध एक काळसर रेघ असते. ती त्याची विष्ठा. आम्रपालीने हे सांगितलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं. मी त्या रेघेला शाई समजत होते. वाट मात्र बघण्यासारखी आहे. सुरुवातीला शिरेला धरून भित्र्यासारखी, मग हळूहळू रुंद. आपण वाढतो तशी आपली वाट रुंदावते हे काही माझ्याबाबतीत खरं नाही. माझी अरुंद होत चालली आहे. पण पाहायला बरं वाटतं.

आज मात्र नको ते झालं. भांड्याला येणारी हरणाबाई फाटकाशी थबकली. तिने लाल लोकर पाहिली, मग पान पाहिलं, आणि हातातली बादली खाली ठेवली.

"आगं आई! नागोबा गेलाय की वो पानावरनं!"

"अगं, ते…"

"आन् तुमी गप दोरा बांधून बसलाय व्हय? डोळ्यासाठी नवस बोललाय. व्हय की न्हाई? मला सांगायचं तरी बाई!"

मी खरं सांगणार होते. पण तेवढ्यात झाडामागून सुभेदार निघाले, हातात झाड छाटायची मोठी कात्री. "ह्या रोगट फांद्या काढाय पायजेत. सोमवारी छाटतो."

माझ्यापुढे एका बाजूला हरणाबाई, दुसऱ्या बाजूला कात्री. मी म्हणाले, "हो. नवस आहे."

"सोमवारी?" हरणाबाई सुभेदारांवर कडाडली. "आवं सुबेदार, सोमवारी नागपंचमी हाय! पंचमीला झाडाला लोखंड लावत्यात व्हय? त्या दिशी चिरायचं न्हाई, खनायचं न्हाई, तवासुदीक चढवायचा न्हाई!"

"आरं तिच्या," सुभेदार म्हणाले. "इसरलोच की. मग ऱ्हाऊ द्या."

आणि कात्री घेऊन गेले. शेतकऱ्याच्या पोराने पंचमी विसरावी! घरचा ऊस, घरची बैलं, लहानपण सगळं शेतात गेलं. खरंच वय होत चाललंय त्यांचं. मिरजेला त्यांचंही एकदा सगळं तपासून घ्यावं का?


१९ ऑगस्ट, सोमवार, नागपंचमी

मी आयुष्यात पहिल्यांदा पुरणाची दिंडं केली. कणकेच्या घड्या घालून उकडायची असतात. माझी अर्धी पातेल्यातच उलगडली. सुभेदारांनी अकरा खाल्ली. "कापायचं नसतंच आज, म्हनून आपोआप फुटली," असं म्हणाले.

गल्लीतल्या सात बायका आल्या होत्या. नवसाची बातमी हरणाबाईने पाण्याच्या टाकीपर्यंत पोचवली होती. दूध, लाह्या, गूळ, हळदकुंकू, सगळं लिंबोणीच्या बुंध्याशी. मग फेर धरला. मी सतत फांदीच्या पुढे उभी, हात पसरून. त्यांना ते भक्तीचं वाटलं.

दगडाबाई कुंकवाचं बोट घेऊन थेट पानाकडे निघाल्या.

"पानाला नको!" मी ओरडले.

"का वो?"

"नागाला… म्हणजे, अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही."

मग हरणाबाई मान डोलवत म्हणाली, "सपनात आला आसंल बाईंच्या." त्यानंतर कोणी पानाच्या जवळ गेलं नाही. उलट दगडाबाईंनी दोन पावलं मागे जाऊन लांबूनच नमस्कार केला, पानाला आणि मग मला.

सिस्टर बर्नाडेट, कुठे असाल तिथून मला क्षमा करा. तुमची विद्यार्थिनी आज साताऱ्यात नागदेवतेची प्रवक्त्री झाली.


२० ऑगस्ट, मंगळवार

लाह्या, गूळ आणि दूध. मला कळायला हवं होतं.

सकाळी बुंध्यावर लाल मुंग्यांची माळ लागलेली. वर जाणारी भरलेली, खाली येणारीही भरलेली. भिंग लावलं. बाजूच्या पानांवरच्या वाटा मधोमध फाटलेल्या होत्या. पापुद्रा उचकटून मुंग्यांनी आतलं उचलून नेलं होतं. सातांपैकी सहा गेले. नवसाने मारले म्हणायचे.

लाल लोकरीपर्यंत मुंग्या पोचल्या होत्या. पण पुढे नाही. लोकरीखाली फांदीला काळं, चिकट काही तरी लागलेलं होतं, चारी बाजूंनी, बोटाने लावल्यासारखं. मुंग्या तिथपर्यंत येऊन परत फिरत होत्या. बुंध्यालाही तसंच एक कडं, पण अर्धवट.

सुभेदारांना विचारलं.

"ग्रीस हाय. स्कूटर साफ करत हुतो. सांडलं आसंल."

"फांदीला? गोल?"

"सांडताना कसं सांडंल ते काय आपल्या हातात आस्तंय व्हय?"

अजागळपणाचा कधी असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. देवाची काय एकेक तऱ्हा. मी त्यांच्या शर्टावरचे ग्रीसचे डाग न बोलता घासले.


२२ ऑगस्ट, गुरुवार

गडी कडेला आला! आणि कड ओढली!

पहाटेपासून बघत होते. खुर्ची आपली लिंबोणीखालीच असते हल्ली. सुभेदार म्हणतात व्हरांड्यात उजेड कमी पडतो, म्हणून त्यांनी हलवली. बारीक रेशीम सोडत, त्याने पानाची कड तसूतसूने आत वळवली. जशी आपण थंडीत गोधडी अंगावर ओढतो. दहाच्या सुमारास तो दिसेनासा झाला. एक छोटी घडी फक्त उरली.

लोणंदची तीच घडी. पुस्तकातलं पान काढून शेजारी धरलं. वाळून पत्र्यासारखं झालंय, पण घडी तशीच आहे. मी त्याची माफी मागितली. मोठ्याने मागितली. तेव्हा मागून खोकल्याचा आवाज आला. सुभेदार फाटकाशी होते. त्यांना वाटलं असेल मी नवसाचं बोलतेय.

आम्रपाली म्हणाली, आता दहा ते पंधरा दिवस. मी बोटं मोजली. ऑपरेशनला अकरा.


२७ ऑगस्ट, मंगळवार

चार दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही, घडी तशीच आहे.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. पुण्याला पट्टी काढली तेव्हा डॉक्टर विचारत होते, "किती बोटं?" आणि मला बोटंच काय, हातही दिसत नव्हता. मी अंदाजाने 'तीन' म्हणाले. सुभेदार शेजारी होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "तीनच हुती." त्यांनी मला कधी सांगितलं नाही की डॉक्टरांनी एकही बोट धरलं नव्हतं. मला ते नर्सकडून कळलं.

आज दुपारी सराव केला. डोळे मिटून पायरीपासून लिंबोणीपर्यंत चालले. चौदा पावलं. अकराव्या पावलावर तुळशीजवळच्या कुंडीला गुडघा आपटला. पण पोचले. हाताने लोकर सापडली. लोकरीपासून तिसरं पान. डोळे मिटूनही मी त्याच्यापर्यंत जाऊ शकते हे कळल्यावर जरा बरं वाटलं.

घरी कोणी नव्हतं. सुभेदार बँकेत गेलेले.


२८ ऑगस्ट, बुधवार

आज पुन्हा सराव. कुंडी वाटेत नव्हतीच. कोणी तरी बाजूला केली आहे, आणि फाटकापर्यंतच्या वाटेवरचे खडेही उचललेले. हरणाबाई म्हणते तिने नाही केलं.


३१ ऑगस्ट, शनिवार

नाही आला. उद्या सकाळची गाडी.

आम्रपालीला विचारलं, "फांदी तोडून नेली तर?"

"देठाला ओला कापूस गुंडाळा. बाटलीत ठेवा, वर मलमल. झोपलाय, त्याला खायला काय लागत न्हाई." मग हसून म्हणाली, "काकांना काय सांगणार?"

"लोणचं."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यात एवढं हसण्यासारखं काय होतं?


१ सप्टेंबर, रविवार, गाडीत

देठाला ओला कापूस गुंडाळलेली फांदी कॉफीच्या बाटलीत, बाटली दोन साड्यांच्या मध्ये, साड्या कापडी पिशवीत. लोकर तशीच बांधलेली. प्लॅटफॉर्मवर सुभेदारांनी सगळं सामान हमालाच्या स्वाधीन केलं, ही पिशवी मात्र स्वतः घेतली.

"काय हाय ह्यात?"

"लोणचं."

"मग आडवी नको," असं म्हणून मांडीवर उभी धरून बसले. कऱ्हाड गेलं, तरी तशीच. मी म्हणाले, वर फळीवर ठेवा. "फळी हलती," म्हणाले. समोरच्या माणसाने पाय लांब केले तर त्याला असा दम भरला की तो पुढच्या स्टेशनला डबा बदलून गेला. लोणच्यासाठी!

डुलकी लागली तेव्हा माझं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. शर्टाच्या खिशात काहीतरी घडी केलेलं, जाड, जुनाट कागदाचं टोचत होतं. गाड्यांचं वेळापत्रक असेल. प्रवासात ते नेहमी जपून ठेवतात.

सांगली येईल आता. स्केचपेन गाडीत फार हलतं. बस.


२ सप्टेंबर, सोमवार, मिरज, सकाळी पावणेसात

आला!

सहाला जाग आली. बाटली खाटेशेजारच्या टेबलावर. दीपमाला नावाची नर्स रक्तदाब घ्यायला आली आणि म्हणाली, "आजी, आज उपाशी राहायचंय. लोणचं कशाला?" मी ओठ मिटले, पवित्र चेहरा केला. ती गेल्यावर भिंग लावलं.

घडीतून कोषाची एक रिकामी, तपकिरी, पारदर्शक साल अर्धी बाहेर आली होती. आणि तिच्या वरच्या बाजूला, लाल लोकरीच्या तंतूवर, तो.

सोनेरी नाही. चांदी. चांदीला आणखी चांदीचा मुलामा दिला तर जशी दिसेल तशी. तांदळाची कणी म्हणजे त्याच्यापुढे धोंडाच. पंखांच्या कडांना झालर, इतकी बारीक की माझा श्वास लागून ती हलत होती. आणि शेवटाला खरंच एक काळा ठिपका, कोणीतरी दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी तसा. ज्याने आयुष्यभर एका पानाच्या आतलंच जग पाहिलं, तो आता पंख उघडून बंद करून बघत होता.

मी किती वेळ बघितलं माहीत नाही. मग दारात पावलं वाजली. मी भिंग उशीखाली सारलं. सुभेदार चहा घेऊन आले होते, स्वतःपुरता. माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं.

"उकडतंय लय," म्हणाले.

बाहेर पाऊस होता. मी शालीत होते. त्यांनी खिडकी उघडली, बाटली उचलून खिडकीत ठेवली आणि वरची मलमल सोडली. "लोणच्याला जरा वारा लागू दे."

लोणच्याला वारा लागला तर बुरशी येते. चाळीस वर्षं मी ते ह्या माणसाला सांगत आले. पण आज बोलले नाही, कारण माझं काम आपोआप होत होतं. बाटलीच्या तोंडाशी एकदा काहीतरी चमकलं. मग खिडकीपलीकडचं ताक सुरू झालं, आणि मला दिसेना.

सुभेदार मात्र पाठ करून बराच वेळ बाहेर बघत उभे राहिले. चहा निवून गेला.

"काय आहे बाहेर?" मी विचारलं.

"काय न्हाई. एक लिंबोनी हाय, नळाजवळ."

काय योगायोग असतात जगात.


सव्वासात

आठला आत नेणार. नर्सने बांगड्या काढायला सांगितल्या. डोळा राहिला तर खालचं सगळं रद्द समजावं आणि ज्याने जे घेतलं ते त्याने निमूट परत करावं. नाही राहिला तर असं करावं :

भिंग आम्रपालीला. ती शेतकऱ्यांना नागअळी मारायला सांगेलच, पण मारण्याआधी एकदा बघायलाही सांगावं.

कॉफीची बाटली हरणाबाईला. तिच्यात नागोबा आला होता असं ती सांगेल, सांगू द्यावं. फक्त पुढच्या पंचमीला गूळ झाडापासून दहा पावलं दूर ठेवावा.

माझी इंग्रजी पुस्तकं पाचगणीला. प्रार्थनेचं पुस्तक नको, त्याने एक जीव घेतला आहे. ते घरीच राहावं, आणि त्याच्यावर पुन्हा शिवणाचं मशीन ठेवू नये.

दगडाबाईंना दिंडांची कृती. म्हणजे चुका कुठे होतात ते तरी कळेल.

औषधाची न फोडलेली बाटली दुकानात परत. सुभेदारांनी जी स्वस्तातली आणली असेल ती फेकून द्यावी, तिने काहीच मरत नाही.

लिंबोणी कोणाला नाही. ती जिथे आहे तिथे. लाल लोकर तिच्या त्याच फांदीच्या खुंटाला परत बांधावी, पायरीपासून चौदा पावलं.

लोणंदचं पान सुभेदारांना. ते कुठलं हे त्यांना आठवणार नाही, म्हणून मागे लिहून ठेवलं आहे.

आणि ही वही त्यांनाच. त्यांनी ती मला मोठ्याने वाचून दाखवायची आहे, पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता. एक अख्खा महिना त्यांच्या नाकाखाली काय चाललं होतं हे कळल्यावर त्यांना धक्का बसेल. तेव्हा त्यांना आधी बसवावं, पाणी द्यावं. माणूस भोळा आहे. रागावले तर म्हणावं, एकसष्ट सालचं ते पत्र आता कुठल्या खंदकात कुजलं असेल देव जाणे, पण चुकून कधी सापडलंच तर त्यातला 'सोनेरी' शब्द खोडायचा. वर 'चांदीचा' लिहायचं. अक्षर त्यांचं चालेल.